घंटा होईपर्यंत निवांत बसा

गुड फ्रायडेला दुपारी आमच्या गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. झाडू मारत नाहीत, कपडे धूत नाहीत, अंघोळ करत नाहीत, भिंतीत खिळा ठोकत नाहीत. पोरं धावायला लागली तर म्हाताऱ्या दटावतात, कारण त्या दिवशी खरचटलं तर ते बरं होत नाही म्हणे. समुद्रावर तर कोणीच पाऊल ठेवत नाही. देव मेलेला असतो, आणि तो उठेपर्यंत वरून आपल्याकडे बघणारं कोणी नाही, असा एकूण समज.

मी मात्र खिडकीशी बसून काम करत होते. मी ज्यांच्यासाठी लिहिते ती माणसं दूरदूरच्या देशांत असतात. आमचा देव कधी मरतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. कुत्र्यांची अंथरुणं, दातांचे दवाखाने, बागेतली खुरपी, म्हणाल त्यावर मी लिहिलं आहे. लिहायला मला कोणी शिकवलं नाही. लोकांच्या वेबसाइट वाचायच्या, ही मला चटकन का कळली आणि ती का कळली नाही यावर स्वतःशीच भांडायचं, असं करत करत हात बसला. माझी थोरली बहीण ओरेंग म्हणते, "आमची देल्फा न बघितलेल्या गोष्टींवर इतकं छान लिहिते, की ज्यांनी बघितलंय त्यांनाही खरं वाटतं." मी तिला नांग म्हणते, थोरलीला म्हणतात तसं. ती मला त्या त्या वेळी तोंडात येईल ते म्हणते.

बघितलेल्या गोष्टीवर मी एकच लेख लिहिला होता. आमच्या गावावर.

सेबू शहरातली मायलीन नावाची मुलगी प्रवासाचा एक ब्लॉग चालवते, तिच्यासाठी. आमच्यासमोर ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की नीलापानच्या खडकापर्यंत पायी जाता येतं. वाटेत वाळूचा लांब दांडा आहे, मध्ये एक घळ, आणि शेवटी तो खडक, ज्यावर बसलं की चारी बाजूंनी नुसतं आभाळ. हे सगळं मी लिहिलं, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं वाचायचं तेही नीट समजावून सांगितलं. मायलीनचा निरोप आला, "नांग देल्फा, सगळं बरोबर आहे, पण तिसऱ्या ओळीला मला झोप आली. वाचकाला आकडे नका देऊ. त्याला हातात धरायला काहीतरी द्या. आणि ते जर-तर काढा हो. जर-तर दिसलं की वाचक पळतो."

पोरगी चुकीचं सांगत नव्हती. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मला घंटा सुचली.

आमच्या चर्चच्या घंटेला एक जास्तीचं काम आहे. ओहोटी लागली की गावातल्या बायका थेट खडकापर्यंत शिंपले वेचत जातात. वाकून वाकून पाण्याकडे लक्ष राहत नाही. म्हणून घंटा देणारा तिबो, वयाने थोरला म्हणून सगळ्यांचा नोंग तिबो, चर्चच्या पायरीवर उभा राहून समुद्र बघतो, आणि पाणी वळलं की घंटा देतो. घंटा झाली की टोपली डोक्यावर घ्यायची. तिच्या भरवशावर राहिलेली एकही बाई आजवर बुडालेली नाही. तेव्हा मी वेळापत्रक काढून टाकलं आणि लिहिलं:

"नीलापानला जाताना घड्याळ घरी ठेवा. खडकावर बसा, डोळे मिटा, वारा खा. आजूबाजूला पाणी चमकायला लागलं तरी घाबरू नका. घंटा होईपर्यंत निवांत बसा. घंटा झाली की उठा आणि चालू लागा. तुम्ही घरी पोचेपर्यंत आमचा समुद्र थांबतो."

मायलीन म्हणाली तिच्या अंगावर काटा आला. माझ्या सगळ्या लेखांत तोच सगळ्यात जास्त वाचला गेला. ओरेंगला मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा ती शिंपले फोडत होती. "समुद्र कोणासाठी थांबत नाही," ती म्हणाली, "पण ऐकायला बरं वाटतं."

तर त्या शुक्रवारी दुपारी मायलीनने मला एका वाचक बाईची प्रतिक्रिया पाठवली. वर तिने लिहिलं होतं, "बघा नांग, तुमच्या गावात पोचलेत. किती गोड आहेत."

रोव्हेलिन नावाच्या मुलीने दोन तासांपूर्वी लिहिलं होतं: "आम्ही बुकिद्नोनच्या डोंगरातली माणसं. समुद्राशी ओळख नाही. माझ्या वडिलांची नजर आता जवळजवळ गेली आहे. त्यांना फिरायला न्यायचं तर दाखवायचं काय, हाच प्रश्न असतो. तुमच्या लेखात पहिल्यांदा ऐकायला काहीतरी सापडलं. आता नीलापानकडे निघतोय. घंटा ऐकूनच परत येऊ." खाली फोटो. आमचाच किनारा, आमचीच ओहोटी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक म्हातारा काठीवर रेललेला, मान तिरकी, जणू ओळखीचं कोणी येणार आहे आणि पावलं ऐकू यायची तेवढी बाकी आहेत.

मला आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. मी दोनदा वाचलं ते. मग सहज खिडकीबाहेर पाहिलं. तिवरांच्या मुळांत पाणी शिरलं होतं.

घंटा कधी झाली, मला ऐकूच आली नाही, असं मनात आलं, आणि तो विचार पुरता व्हायच्या आत मी उठून उभी राहिले.

घंटा झाली नव्हती. होणारही नव्हती. गुरुवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घंटेची जीभ कापडात गुंडाळून बांधतात. शनिवारी रात्री देव उठेपर्यंत ती मुकी. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच. पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. पण त्या दिवसांत समुद्रावर माणूसच नसतं. घंटा नाही आणि माणूसही नाही, दोन्ही एकमेकांत इतकं चपखल बसलेलं, की त्याबद्दल कोणाला काही सांगायचं असतं हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नसतं. आपण श्वास घेतो हे कोण लिहून ठेवतं?

आणि गुड फ्रायडे येतो तो पुनवेला धरूनच. त्या दिवसांत पाणी लांबवर जातं आणि रागावल्यासारखं परत येतं. एरवी नीलापानचा माथा कोरडा राहतो. त्या आठवड्यात नाही राहत.

मी रोव्हेलिनला लिहिलं, "आत्ताच्या आत्ता परत फिरा." ते गेलंच नाही. दांड्यावर फोन चालत नाहीत. मायलीनला फोन लावला.

"थांबा नांग, थांबा, मी ते वाक्य आत्ता बदलते," ती म्हणाली. तीही घाबरली होती. "काय घालू तिथे? एक ओळ द्या. छोटी."

"घाल, गुड फ्रायडेला जाऊ नका, मराल."

"नांग, 'मराल' जरा कडक होतंय का?"

"कडकच आहे ते, मायलीन."

"घालते," ती म्हणाली. "पण त्या दोघांनी तर आधीच वाचलंय ना?"

मी फोन टेबलावर ठेवला आणि चपला न घालता धावत सुटले.

चर्च ओसंडून वाहत होतं. वधस्तंभावरच्या सात शेवटच्या वचनांवर फादर बोलत होते, आणि कर्णा लावलेला असल्यामुळे त्यांचा आवाज दूरवर समुद्रावर जात होता. म्हणजे त्या दोघांनाही ऐकू जात असणार. गावात सगळं जागच्या जागी आहे, चर्चमध्ये माणसं आहेत, घंटा आता होईलच, असंच वाटत असणार ना त्यांना.

नोंग तिबो शेवटच्या बाकावर होता. मी त्याच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. त्याने आधी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज घंटा?" तो कुजबुजला. "शुद्धीवर आहेस का, देल्फा? देव मेलाय."

"खडकावर दोन माणसं आहेत, नोंग."

"मग त्यांना डोळे नाहीत? पाणी येताना दिसत नाही?"

"एकाला नाहीत. आणि जिला आहेत तिला मी सांगितलंय, पाणी बघून घाबरू नका, घंटा ऐका."

नोंग तिबो काही दुष्ट माणूस नाही. उलट माझ्या लेखात त्याचं नाव आलं तेव्हापासून तो घंटा जरा जास्तच वेळ देत असे. पण त्याचे आजोबा घंटा द्यायचे, बाप द्यायचा, आणि या दोन दिवसांत तो त्या दोराला हातसुद्धा लावत नाही. "फादरना विचारायला हवं," तो म्हणाला.

"ते चौथ्या वचनावर आहेत. सातवं संपेपर्यंत पाणी डोक्यावरून जाईल."

"मी... जा तू. होडी बघ. मी बघतो."

काय बघतो ते त्यालाही कळलेलं नव्हतं. मी मागे वळले तर ओरेंग बाकावरून उठून माझ्यापाशी आलेली. तिच्या कानातून गावातली कुजबुज कधी सुटत नाही. तिने डोक्यावरची काळी ओढणी काढून कमरेला बांधली. दारात उभे असलेले दोघे-तिघे पुरुष जमिनीकडे बघायला लागले. इंजिनाच्या होड्या वर वाळूत ओढून ठेवलेल्या, आणि त्या दिवशी इंजिन सुरू करायला कोणी धजावलं नसतं. मी त्यांना दोष देत नाही. माझी स्वतःची छाती धडधडत होती, आणि ती सगळीच काही पाण्याच्या भीतीने नव्हे.

"होडी कोणाची नेऊ?" मी विचारलं.

"आपली आहे की," ओरेंग म्हणाली. "शिंपल्यांची. चल, की आणखी एक लेख लिहायचाय?"

ती होडी म्हणजे दोन बाजूंना बांबू बांधलेलं लाकडी डोणं. ओरेंग त्यात टोपल्या ठेवते आणि दोराने मागे ओढत चालते. एक माणूस कसाबसा बसेल. आम्ही ती पाण्यात लोटली आणि दांड्याच्या दिशेने चालू लागलो. पाणी आधी घोट्याला, मग पोटऱ्यांना. ऊन समोरून डोळ्यांत. खडक दिसत होता, पण त्यावर कोणी आहे की नाही ते चमचमाटात कळेना.

"गुड फ्रायडेला अंघोळ," ओरेंग पुढून म्हणाली. "आईने पाहिलं असतं तर दोघींना घराबाहेर काढलं असतं."

"नांग, बोलू नकोस, चाल."

"बोलले नाही तर तू विचार करायला लागशील. पाय कुठे टाकतेस ते बघ. वाळूत काटेवाले शिंपले आहेत. आज काटा रुतला तर पाय जाईल."

मी विचार करतच होते. घळीच्या अलीकडे दांडा नाहीसा झाला होता. पायांना लागत होता, पण दिसत नव्हता. मला भीती वाटत होती त्या दोघांची, ते तर होतंच, पण तिच्याखाली दुसरी एक भीती थंडगार हलत होती. मी बर्फावर लिहिलंय. गोठलेल्या तळ्यावर केव्हा चालावं ते. शेगडी पेटवून दारं लावून झोपावं का ते. तान्ह्या मुलाला कसं निजवावं ते. मी बर्फ पाहिलेला नाही. दहा वेबसाइट वाचून, जर-तर काढून, वाचकाचा हात धरून मी त्याला घेऊन गेले आहे. त्या त्या गावांतही घंटा मुकी राहण्याचे दिवस असतील. तिथल्या माणसांना ते इतके ठाऊक असतील की कोणी कुठे लिहिले नसतील. आणि मी लिहिलंय, निवांत बसा.

"देल्फा," ओरेंग म्हणाली. तिचा आवाज एकदम वेगळा होता. "आहेत. बसलेत."

खडकाचा माथा आता जेवणाच्या टेबलाएवढा उरला होता. म्हातारा मधोमध मांडी घालून बसला होता, काठी मांडीवर आडवी. मुलगी त्याच्या बाजूला उभी, एका हाताने त्याचा खांदा धरून. तिचे पाय पाण्यात होते. लांबूनच तिने आम्हाला हात केला, आणि तो मदतीसाठी केलेला हात नव्हता. ओळखीचं माणूस बाजारात दिसल्यावर करतात तसा होता.

आमच्यामध्ये घळ होती. पाणी छातीपर्यंत आलं. ओरेंगने होडीच्या बांबूला हात घातला आणि आम्ही पायांनी तळ चाचपत पार झालो. खडकाला टेकलो तेव्हा माझे दात वाजत होते, भर उन्हात.

"घंटा झाली का हो?" मुलीने विचारलं. "आम्हाला काही ऐकू आली नाही. पाणी जरा जास्त वाटतंय, पण लेखात लिहिलंय की..."

"झाली नाही," म्हातारा म्हणाला. "मी ऐकतोय ना. प्रार्थना चालू आहे. घंटा झालेली नाही."

"आजोबा, होडीत बसा," मी म्हणाले. "आत्ता."

"कोण तुम्ही?"

"गावातल्या."

"मग तुम्हाला घंटेचं माहीत असेल." तो सावकाश, समजावणीच्या सुरात बोलत होता, आणि बोलता बोलता त्याची बोटं काठीवर पांढरी पडली होती ती मी पाहिली. "मला पाणी दिसत नाही, बाई. नुसतं सगळीकडून वाजतंय. त्यात मी पाय कुठे टाकू? घंटा झाली की जमीन आहे एवढंच मला ठाऊक आहे. ज्या बाईने लिहिलंय तिने स्पष्ट लिहिलंय."

रोव्हेलिनने माझ्याकडे पाहिलं. तिला कळायला लागलं होतं. चेहऱ्यावरून रंग उतरताना मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. "तातय, उठा," ती म्हणाली. "उठा ना."

"घंटेशिवाय नाही."

एक लाट खडकावरून सरकली आणि त्याच्या मांडीखालून गेली. तो दचकला, पण हलला नाही. ओरेंग म्हणाली, "उचलू का याला?" आणि ती ते करू शकते. पण घाबरलेला माणूस उचलून होडीत घालणं म्हणजे होडी घालवणं.

मी खडकावर चढले आणि त्याच्या समोर उकिडवी बसले. "नीलापानला जाताना घड्याळ घरी ठेवा," मी म्हणाले. "खडकावर बसा, डोळे मिटा, वारा खा."

त्याची मान तिरकी झाली, फोटोत होती तशी.

"ते मी लिहिलंय, आजोबा. घंटा होईपर्यंत निवांत बसा, तेही मीच. एक ओळ त्यात लिहायची राहिली. गुड फ्रायडेला घंटा होत नाही. काल संध्याकाळी बांधली ती. आज होणार नाही. उद्या रात्रीपर्यंत नाही."

मग त्याने हात पुढे केला आणि माझा चेहरा चाचपला. ओल्या केसांवरून, गालांवरून.

"मला वाटलं होतं तुम्ही तरुण असाल," तो म्हणाला, आणि काठी माझ्या हातात दिली.

त्याला होडीत बसवलं. गुडघे पोटाशी घेऊन तो बसला, दोन्ही हातांनी काठ धरून. ओरेंग पुढे दोर धरून, मी एका बाजूच्या बांबूला, रोव्हेलिन दुसऱ्या. तिला पोहता येत नव्हतं. डोंगरातली मुलगी. मी तिला सांगितलं, बांबू सोडायचा नाही, काही झालं तरी. तिने मान हलवली आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता, पाणी ओठांशी येत होतं म्हणून हनुवटी वर धरून.

घळीत आता माझे पाय टेकत नव्हते. ओरेंग माझ्याहून उंच, तिचे बोटांवर टेकत होते. पाणी आडवं ओढत होतं, तिवरांकडे, जिथे मुळांत अडकलं की माणूस सुटत नाही. ओरेंग बोलायची थांबली होती. ती बोलायची थांबते तेव्हा काय समजायचं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि घंटा वाजली.

मला आधी वाटलं माझ्या डोक्यातच वाजतेय. पुन्हा वाजली. जाड, जरा बसलेली, जशी अर्धवट कापडातून येते तशी, आणि मग तिसऱ्या ठोक्याला मोकळी, खणखणीत. त्या दिवशी, त्या वेळी, आमच्या चर्चची घंटा. ओरेंगने मान वळवून मागे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मला इतकं बरं वाटलं की मी बांबूवरची पकड सैल केली.

"झाली," म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "तुम्ही म्हणालात होणार नाही. झाली की."

"आजोबा, बसून राहा."

पण मी फार नीट लिहिलं होतं. घंटा झाली की उठा आणि चालू लागा. तो उठला. एक पाय त्याने होडीच्या काठावरून बाहेर टाकला, अगदी विश्वासाने, घराच्या पायरीवर टाकावा तसा, आणि खाली गेला.

होडी माझ्या बाजूला कलली. रोव्हेलिन ओरडली असेल, मला घंटाच ऐकू येत होती. म्हाताऱ्याची टोपी वर तरंगली आणि तो नाही. डोणं आणि बांबू यांच्यामध्ये तो सापडला होता, खाली. मी हात घालत होते आणि हाताला नुसतं पाणी लागत होतं. एकदा कापड लागलं आणि सुटलं. वरती घंटा वाजत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं, बंद करा, कोणीतरी ती बंद करा.

ओरेंगने दोर सोडला. श्वास घेतला आणि ती डोक्यासकट पाण्याखाली गेली, आमच्या आईची थोरली मुलगी, जिने जन्मात गुड फ्रायडेला तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. होडी वर उचलली गेली, आतून कोणी खांदा दिल्यासारखी. मग ओरेंग बाहेर आली. तिच्या मुठीत म्हाताऱ्याची कॉलर होती, आणि कॉलरीत म्हातारा.

तो खोकला. मग पुन्हा खोकला. तो आवाज मी कधीही विसरणार नाही. त्याहून सुंदर काही मी ऐकलेलं नाही.

"झाली ना घंटा?" तो कसाबसा म्हणाला. माफी मागितल्यासारखं.

"झाली," मी म्हणाले. "आता हलू नका. मी सांगेपर्यंत हलू नका. मीच. दुसरं काही ऐकू नका."

आम्ही त्याला पोटावर होडीत टाकलं, टोपलीसारखा. दांड्यावर पाय टेकले तेव्हा मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. घंटा थांबली होती. फादरांचा आवाजही थांबला होता. कर्ण्यातून नुसती घरघर येत होती.

किनाऱ्यावर सगळं चर्च उभं होतं. काळ्या कपड्यांतली माणसं, हातात जपमाळा, कोणी पुढे येईना. बायकांनी रोव्हेलिनच्या अंगावर ओढण्या टाकल्या तेव्हा कुठे गर्दी हलली. म्हाताऱ्याची नडगी बांबूला घासून सोलली होती. ते रक्त पाहून एका आजीने तोंडावर हात ठेवला आणि दुसरीने लगेच तिचा हात खाली ओढला.

मग गर्दीतून नोंग तिबो आला. त्याच्या मुठीत जांभळ्या कापडाच्या चिंध्या होत्या. गाठ सुटेना तेव्हा त्याने ते दातांनी फाडलं होतं, एक धागा अजून त्याच्या ओठाला चिकटलेला. तो फादरांकडे बघत नव्हता, लोकांकडे बघत नव्हता, आभाळाकडे तर मुळीच नाही. आजोबाने केलं नव्हतं, बापाने केलं नव्हतं, ते करून तो खाली आला होता आणि त्याला एकच गोष्ट हवी होती.

"देल्फा," तो म्हणाला. "ऐकू आली का? तिकडे पोचली?"

ओरेंगने माझ्याकडे पाहिलं. तिचे केस गळत होते. मी तोंड उघडलं.

म्हाताऱ्याने मध्येच आवाजाच्या दिशेने मान वळवली. "स्पष्ट," तो म्हणाला. "अगदी वेळेवर आली हो."

नोंग तिबो मटकन वाळूत बसला आणि त्याने त्या चिंध्या डोळ्यांना लावल्या. मी त्याच्या शेजारी बसले. लोक आमच्याभोवती उभे होते. समोर नीलापान दिसत नव्हता.

"हो नोंग," मी म्हणाले. "आली."